विषय : धम्मदीपा

मी एक जुनी प्रयोगवही आहे. पण मित्रांनो, या नावानं मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. कॉलेजात आम्हाला सगळे जर्नल म्हणतात, म्हणून मीही स्वतःला जर्नलच म्हणते. जाड पुठ्ठ्याची बांधणी, उजवीकडचं पान रेघांचं, डावीकडचं कोरं. रेघांवर प्रयोग लिहायचा, कोऱ्या पानावर आकृती काढायची. सुरुवातीला अनुक्रमणिका, आणि तिच्याही आधी एक प्रमाणपत्र. 'यांनी या वर्षातले सर्व प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत' असं त्यावर छापलेलं असतं आणि खाली शिक्षकांच्या सहीसाठी एक ओळ मोकळी असते. ती ओळ भरली की जर्नलच्या जन्माचं सार्थक झालं, असं आमच्यात मानतात.

माझी ती ओळ अजून रिकामी आहे.

म्हणून आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. ज्यांच्या ओळी भरल्या त्यांच्यावर मी जळले, ज्यांच्या पानांवर रंगीत पेन्सिली फिरल्या त्यांच्यावर जळले, आणि एका मुलीवर तर इतकी जळले की विचारू नका. तुम्हाला वाटेल, ही मोबाइलवर जळत असेल. छे! त्या बिचाऱ्याला चार्जर सापडला नाही की तो मुका होतो. त्याच्यावर काय जळायचं? मी जळले ती माझ्याच रक्ताच्या बहिणींवर.

अकोल्याच्या एका छापखान्यात आम्ही जन्मलो. सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यातून मालेगावला आलो आणि जमशेदभाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात वरच्या फळीवर बसलो. हे मालेगाव आमचं, वाशीमच्या रस्त्यावरचं. दुकान एसटी स्टँडच्या समोर, त्यामुळे दिवसभर बसचा धूर आणि फटफट्यांचा आवाज. जुलै लागला, कॉलेजं उघडली आणि आमचा गठ्ठा सुटला. तेव्हा आम्ही सगळ्या सारख्या होतो. कोणी कोणाला हिणवत नव्हतं.

एक दिवस एक सडपातळ मुलगी दुकानात आली. शिरपूरहून बसनं मालेगावला कॉलेजला येणारी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. तिचं नाव धम्मदीपा. गल्ल्यावर जमशेदभाई होते आणि सामान काढून द्यायला त्यांची मुलगी इफ्रा.

"जर्नलं पाह्यजे होते," धम्मदीपा म्हणाली. "एक केमिस्ट्रीचं, एक झूलॉजीचं, एक बॉटनीचं. अन् एक आपलं."

"आपलं मंजे?" इफ्रानं विचारलं.

"आपलं मंजे माह्यं. स्वतःचं. इंग्रजीच्या अंभोरे सरांनी सांगतलं, परत्येकानं रोज जर्नल लिवा. दिवसभर काय झालं, मनात काय आलं, ते सारं."

आता मित्रांनो, अंभोरे सरांना डायरी म्हणायचं होतं. साधी डायरी! पण ते इंग्रजीचे पडले, त्यांनी 'जर्नल' म्हटलं. आणि विज्ञानाच्या मुलीला जर्नल म्हणजे एकच ठाऊक. इफ्रा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. वर फळीवर मलाही हसू आलं. ही चौथी कोण अभागी, असं मी मनात म्हणत होते.

"हसून काहून राह्यली?" जमशेदभाई मुलीला रागावले. "पोरगी चार मांगते तं चार दे."

इफ्रानं चार काढल्या. चौथी मी निघाले.

लेबल लिहून द्यायची त्यांच्या दुकानाची पद्धत होती. इफ्राचं अक्षर छापल्यासारखं. तिनं बहिणींच्या लेबलांवर नाव लिहिलं, विषय लिहिले. मग मला पुढ्यात घेतलं. नाव : धम्मदीपा. आणि पेन थांबलं.

"विषय काय लिवू वं?"

मुलीनं मला उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाली, "लिव ना, धम्मदीपा."

तर असं माझं लेबल. नाव धम्मदीपा, विषय धम्मदीपा. माझ्या आयुष्यावरचं पहिलं अक्षर इफ्राच्या हातचं आहे, ही गोष्ट मला पुढे फार सलली.

घरी आल्यावर धम्मदीपाच्या आईनं, लिलाबाईंनी, आम्हा चौघींना खाकी कव्हरं चढवली. लिलाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्यांचा कागद दुमडण्याचा हात साफ. "हे चवथं कायचं वं दीपे?" त्यांनी विचारलं. "ते माह्यं हाय," दीपा म्हणाली. लिलाबाईंनी मला पुढ्यात घेतलं. जेवढ्या मायेनं त्यांनी बाकीच्या तिघींच्या कडा दाबल्या, तेवढ्याच मायेनं माझ्याही दाबल्या. त्या संध्याकाळी मी खूश होते. बरोबरीचा मान मला त्यानंतर फार दिवस मिळाला नाही.

दीपा मला दप्तरात घेऊन कॉलेजला जायची. दुपारी शिरपूरची बस येईपर्यंत ती स्टँडच्या बाकावर बसून मला उघडायची. जर्नल म्हटलं की ते कसं लिहायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे तिनं स्वतःला प्रयोगासारखंच लिहायला घेतलं. पहिला प्रयोग मला तोंडपाठ आहे.

'उद्देश : कॉलेजात कोणी आपल्याशी बोलते का, हे पाहणे. साहित्य : नवा ड्रेस, आईची ओढणी, डबा. कृती : दुसऱ्या बाकावर बसले. डबा उघडा ठेवला. निरीक्षण : एक मुलगी जवळ आली, पण तिला खिडकी लावायची होती. निष्कर्ष : प्रयोग पुन्हा करावा लागेल.'

असे किती प्रयोग! बसमध्ये जागा मिळते का. इंग्रजीत प्रश्न विचारला तर आवाज फुटतो का. कँटीनमध्ये एकटीनं चहा पिता येतो का. ती लिहायची, मी ऐकायची. तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मला तिच्याशिवाय. इथपर्यंत सगळं छान होतं.

पण दप्तरात माझ्या बहिणी होत्या ना!

त्या लॅबमधून परत यायच्या त्या अशा तोऱ्यात की विचारू नका. केमिस्ट्रीच्या अंगाला आम्लाचा वास आणि अनुक्रमणिकेत लाल शाईची सही. झूलॉजीला 'छान' असा शेरा. आणि बॉटनी! ती तर पक्की मिरवणारी. तिच्या डाव्या पानांवर एचबी पेन्सिलीनं बारीक बारीक आकृत्या, बाणांच्या टोकाला नावं, खाली इंगोले मॅडमची झोकदार सही. आणि माझी डावी पानं? कोरी! माझं निम्मं अंग कोरं. कोण काढणार माझ्यात आकृती? एकटीनं चहा प्यायची काय आकृती असते? अनुक्रमणिकेत दीपा प्रत्येक प्रयोगाचं नाव लिहायची, पण शेवटचे दोन रकाने, शेरा आणि सही, खालपर्यंत ओसाड. त्या रकान्यांकडे बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेली बॉटनी! कांद्याची साल सोलून काचेवर ठेवली की हिला सही. आणि इथे एक पोरगी रोज स्वतःची साल सोलते, त्याचं कोणाला काही नाही.

तरी मी म्हणायचे, असू दे. सही त्यांची, पण दीपा माझी.

मग इफ्रा आली.

खरं तर ती दीपाच्याच वर्गात पहिल्यापासून होती, पण मागच्या बाकावर. एक दिवस बॉटनीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर दोघींचा नंबर एकत्र लागला. मी दप्तरात, टेबलाखाली. वरून आवाज आला, "माय वं! तू तं 'आपलं' जर्नलवाली!"

आणि दोघी हसल्या. दीपा इतकी मोठ्यानं हसू शकते हे मला तेव्हा कळलं. माझ्यासमोर ती कधी तशी हसली नव्हती.

त्या दिवशी मक्याच्या खोडाचा आडवा छेद होता. दीपाला आकृती काढता यायची नाही. तिची रेघ थरथरायची, खोडून खोडून पान फाटायचं. इफ्रानं आपली पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "हे पाह्य, छेदात हे जे ठिपके दिसतेत ना, त्यातलं एकेक मंजे वानराचं तोंड समज. वरतं दोन डोये, मंधात नाक, खाली मोठं भोक ते तोंड. वानर काढ, झालं बॉटनी."

दीपानं वानर काढलं. मग दुसरं. मग दोघी डबा घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसल्या. भेंडी इकडे, शेवया तिकडे. स्टँडवरही इफ्रा बस येईपर्यंत सोबतीला थांबू लागली, दुकान समोरच तर होतं तिचं. दोघींच्या गप्पा संपायच्या आत बस यायची. आणि मी? मी दप्तरात. बंद.

दिवाळी तोंडावर आली. शेतातलं सोयाबीन निघालं. माझं एकही पान पुढे सरकलं नाही. दीपा मला उघडायची तेव्हा फक्त तारीख घालायची, आणि तेवढ्यात इफ्रा काही बोलायची, की मी बंद. जर्नलचं दुखणं तुम्हाला सांगते मित्रांनो. आमच्या मालकिणीला दुःख झालं की आम्हाला खायला मिळतं. ती सुखात असली की आम्ही उपाशी. म्हणून मी रोज मनात म्हणायचे, भांडा एकदाच्या. कडकडून भांडा. त्या इफ्राचं हसणं, तिच्या पेन्सिलींचा डबा, तिचं छापील अक्षर, सगळं माझ्या डोळ्यांत खुपायचं. बहिणींवरचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता.

आणि भांडण झालं.

इंगोले मॅडम जर्नलं तपासत होत्या. त्यांनी आधी इफ्राचं जर्नल वर धरून वर्गाला दाखवलं. "बघा, आकृती अशी हवी." मग दीपाचं उघडलं. मक्याच्या खोडाची आकृती दीपानं नव्या पानावर पुन्हा काढली होती. स्वतः, एकटीनं, शिरपूरला घरी बसून. मॅडमनी पान बघितलं, इफ्राकडे बघितलं, परत पान बघितलं.

"हे तू काढलंस?"

"हो, मॅडम."

"पहिल्या पानावरची तुझी रेघ बघ आणि ही बघ. इफ्रानं काढून दिली ना?"

सगळा वर्ग इफ्राकडे बघायला लागला. दीपाही. इफ्रानं 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. ती बाकावर नखानं रेघ ओढत राहिली. मॅडमनी लाल पेनानं त्या आकृतीवर आडवी काट मारली आणि म्हणाल्या, "परत काढ. आणि लक्षात ठेव, जर्नल पूर्ण होऊन प्रमाणपत्रावर सही झाली नाही, तर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही."

प्रॅक्टिकल गेलं म्हणजे वर्ष अडकलं. हे दीपालाही कळत होतं आणि मलाही.

त्या दुपारी स्टँडवर तिनं मला उघडलं. किती दिवसांनी! पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर वळ उठले.

'उद्देश : इफ्राशिवाय जमते का, हे पाहणे. साहित्य : वेगळा बाक, स्वतःची पेन्सिल, एकटीचा डबा. कृती : तिने दोनदा हाक मारली. मी बाटलीचे झाकण लावत बसले. निरीक्षण : भेंडी उरली. आईला सांगायचे, भूक नव्हती. निष्कर्ष : जमते.'

मला तो निष्कर्ष एकदम पटला. जमतेच! का नाही जमणार? मी आहे ना. मग काय, रोज पानंच्या पानं. इफ्राच्या अब्बूंचं दुकान आहे म्हणून तिची चित्रं चांगली, घरच्या पेन्सिली असल्या की कोणीही काढील. ती गोड बोलते ते वरवरचं. मॅडमची लाडकी म्हणून गप्प बसली. तिच्या शेवया पण काही खास नव्हत्या. दीपा लिहील त्याला मी हो म्हणत होते. खरं की खोटं, न्याय की अन्याय, मी एकदाही विचारलं नाही. रेघांना विचारता येत नाही, आणि आलं असतं तरी मी विचारलं नसतं. माझं पोट भरत होतं आणि बॉटनी दप्तरात तशीच पडून होती, अंगावर लाल काट घेऊन. आता कसं वाटतं बाई, असं मी तिला मनात विचारायची.

दीपा आकृती काढायलाच तयार नव्हती. "चांगली काढली तं चोरी मंतात, वाईट काढली तं चूक मंतात," ती आईला म्हणाली, आणि ओढणीत तोंड लपवून रडली. लिलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "काढ वं माय," एवढंच त्या म्हणाल्या.

सहीची शेवटची तारीख आली, त्याच्या आदल्या दुपारी दीपा अंगणात खाटेवर बसली आणि तिनं आकृती काढली. एकेक वानर सावकाश काढलं. लिलाबाई शेजारी बसून आमची कव्हरं बदलत होत्या. "फाटक्या कव्हरानं मॅडमसमोर जाईन का माही पोरगी?" असं म्हणत त्यांनी चौघींची जुनी कव्हरं काढली, नवी चढवली. चौघींची, बरं का. लेबलं मात्र सकाळी डकवू म्हणून राहून गेली.

सकाळी बस लवकर आली. शिरपूरला जैन मंदिराच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू परत निघाले होते, गाडी भरून चालली होती. कंडक्टरनं घंटी मारलेली घरापर्यंत ऐकू आली. "दीपे, गाडी चालली वं!" लिलाबाई ओरडल्या. दीपानं खाटेवरची वरची खाकी वही ओढली, दप्तरात कोंबली आणि पळाली.

वरची वही मी होते!

मित्रांनो, त्या बसमध्ये मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही. बॉटनी खाटेवर, आणि मी सहीला निघाले! इंगोले मॅडमची लाल शाई आज माझ्या अंगावर पडणार. त्या वाचून काय म्हणतील, वर्गात काय होईल, दीपाच्या वर्षाचं काय होईल, यातलं काही माझ्या मनात आलं नाही. मी आपली मनात मांडे खात होते.

लॅबच्या टेबलावर जर्नलांचा ढीग होता. मॅडमनी तो नंबरानं लावायचं काम इफ्राला सांगितलं होतं. दीपानं तिच्याकडे न बघता मला ढिगावर ठेवलं आणि ती निघून गेली. इफ्राला दिसलं की या वहीला लेबलच नाही. नाव बघायला तिनं मला उघडलं. प्रमाणपत्र कोरं. पान उलटलं. अनुक्रमणिका.

तिनं वाचायला सुरुवात केली. 'कोणी आपल्याशी बोलते का.' 'एकटीने चहा पिता येतो का.' तिचं बोट खाली खाली सरकलं आणि एका ओळीवर थांबलं. 'इफ्राशिवाय जमते का.'

वाच, मी म्हणत होते. काढ ते पान. वाच काय लिहिलंय तुझ्याबद्दल. कळू दे तुला, दीपा कोणाची आहे.

तिनं ते पान काढलं. उभ्या उभ्या वाचलं. पुढचंही वाचलं, पेन्सिलींचं आणि शेवयांचं. तिचा चेहरा उतरत गेला तशी मी फुलत गेले. आता ही मला मॅडमच्या हातात देणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

"झालं का गं लावून?" दारातून मॅडमचा आवाज आला.

इफ्रानं मला फटकन मिटलं आणि ओढणीखाली घेतलं. "झालं मॅडम. फक्त धम्मदीपाचं राह्यलं. ते दुकानात कव्हर लावाले आलं होतं, तिथंच राह्यलं. आमी घिऊन येतो."

"दुपारपर्यंत आहे मी. नंतर सही नाही."

सायकल स्टँडजवळ तिनं दीपाला गाठलं आणि मला पुढे केलं. "हे घे. हे बॉटनी नोय."

दीपानं मला उघडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "तू वाचलं?"

"वाचलं."

"दुसऱ्याचं काहून वाचलं?"

"माह्यं नाव होतं त्याच्यात." इफ्रा म्हणाली. "ते मंग बोलू. बॉटनी कुठी हाय?"

"घरी. खाटीवर."

"बस कवा हाय?"

"आता दुपारीच."

"मंग गाडीवर बस."

दुकानाची स्कूटी होती. इफ्रा पुढे, दीपा मागे, आणि दोघींच्या मध्ये मी. दीपानं मला छातीशी धरलं होतं, पण खड्डा आला की मी इफ्राच्या पाठीला टेकायची. मला सरकायला जागा नव्हती.

लिलाबाई दारातच बॉटनीला हातात घेऊन उभ्या. "मले वाटलंच वं, हे इथं कसं राह्यलं! ये वं इफ्रा, किती दिसानं. भांडल्या होत्या का?"

लिलाबाई पाणी आणायला आत गेल्या. इफ्रानं बॉटनी उघडली. आधी काट मारलेली आकृती बघितली, मग नवी. मग ती खाटेवर बसली.

"मॅडमनं इचारलं तवा मी गप काहून बसली, सांगू?"

"सांग ना."

"तुही आकृती माह्यापेक्षा चांगली होती. माह्ये सारे वानरं एकसारखे, ठप्पे मारल्यावानी. तुह्या एकेकाचं तोंड येगळं. सूक्ष्मदर्शकात तसंच तं दिसते खरं. मीच शिकोलं तुले, अन् तूच पुढं गेली. माह्या पोटात दुखलं दीपा. मॅडम मन्ल्या इफ्रानं काढली, अन् मले बरं वाटलं."

मी थक्क झाले. जळण्याचा मक्ता माझ्या एकटीकडे आहे अशी माझी समजूत होती! ही छापील अक्षराची, वर्गाची लाडकी, हीपण जळकी?

दीपा तिच्या शेजारी खाटेवर बसली. "मीबी तुह्यावर लय जळत होती," ती म्हणाली. "अन् शेवया चांगल्या होत्या."

लिलाबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा दोघी रडत पण होत्या आणि हसत पण होत्या. "काय झालं वं बाई तुमाले?" त्या म्हणाल्या. "अन् मॅडम वाट पाहून राह्यल्या असतीन ना!"

परत मालेगाव. मॅडमनी नवी आकृती निरखून बघितली. इफ्रा दीपाच्या शेजारी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, काट मारलेली तिनंच काढली होती. मले मालूम होतं. मी सांगतलं नाई." मग त्यांनी जुन्या काटेशेजारी 'बरोबर' असं लिहिलं, खाली सही केली, आणि पहिलं पान उघडून प्रमाणपत्रावरही केली. दीपा प्रॅक्टिकलला बसणार होती. बॉटनीचा जन्म सार्थकी लागला.

आणि माझा? मी दप्तरात, जशी गेले तशी परत.

त्या दुपारी स्टँडवर दीपानं मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता ती पानं फाडून टाकणार. तिनं अनुक्रमणिका उघडली आणि मला इफ्राच्या मांडीवर ठेवलं. "हिले कोनी सही नाई देल्ली आजलोक," ती म्हणाली. "तपासून दे."

इफ्रानं पेन घेतलं. बोट खाली सरकवत त्याच ओळीवर आणलं, 'इफ्राशिवाय जमते का'. शेऱ्याच्या रकान्यात तिनं तिच्या त्या छापील अक्षरात लिहिलं, 'प्रयोग फसला.' आणि शेजारी सही केली. इफ्रा.

आयुष्यभर मी ज्या रकान्यासाठी जळले, तो भरला. आणि भरला तो तिनं! मला रडावं की हसावं कळेना. पण एक गोष्ट मला कबूल करावीच लागली. दीपानं 'जमते' असं लिहिलं तेव्हा मी मान डोलावली होती. 'फसला' हा शब्द माझ्या रेघांतून कधीच उगवला नसता. तो लिहायला दुसऱ्याचाच हात लागला.

निकाल लागला. पुढच्या वर्षी माझ्या तिन्ही बहिणी, सह्या, शेरे, प्रमाणपत्रं सगळ्यांसकट रद्दीत गेल्या. तेव्हा तरी बॉटनीनं माझ्यावर जळायला हवं होतं, पण ती गेलीसुद्धा तोऱ्यात. मी राहिले. आता दोघी शेवटच्या वर्षाला आहेत. मी शिरपूरच्या घरी, शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर असते. लिलाबाई अधूनमधून माझ्यावरची धूळ झटकतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी वही असेल तर तिला जपा. ओलीत ठेवू नका, वाळवी लागू देऊ नका, हिशेबाला पानं फाडू नका. मन भरून आलं की तिच्याजवळ बसा, ती सगळं ऐकून घेईल. पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका, कारण ती तुमच्या प्रत्येक निष्कर्षाला हो म्हणते, आणि तुम्ही एकटे राहावं असं तिला मनातून वाटत असतं. मी स्वतः जर्नल आहे म्हणून सांगते. तिचा सहीचा रकाना कोणाकडून तरी भरून घ्या.

काल दीपानं मला फळीवरून काढलं. मी हरखले. तिनं तारीख घातली, 'उद्देश' लिहिलं, पुढे दोन ठिपके दिले, आणि तेवढ्यात बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला. ती मला खाटेवर उघडी टाकून पळाली. पान अजून तसंच आहे. उद्देश, दोन ठिपके, आणि पुढे काही नाही. बाहेरून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. जळले मी, नेहमीसारखीच जळले. पण लिलाबाई मला मिटायला आल्या तेव्हा वाटलं, राहू दे हे पान कोरं.